वाचकांचे प्रश्न : सव्वादोन दिवसांच्या वर्षाचा ग्रह

जंबूक तारकासमूहात, आपल्यापासून सुमारे ६४ प्रकाशवर्षांवर एक नारिंगी तारा आहे. कॅटलॉगातले त्याचे नाव एचडी १८९७३३. त्याच्याभोवती फिरणारा ग्रह २००५ मध्ये फ्रान्समधल्या ओत-प्रोव्हान्स वेधशाळेतून सापडला आणि त्याला 'बी' हे शेपूट लागले. आकाराने आणि वजनाने तो गुरूहून थोडा मोठा, ताऱ्यापासून फक्त ४६ लाख किलोमीटरवर, आणि एक फेरी २ दिवस ५ तास १५ मिनिटांत. अशा ग्रहांना 'तप्त गुरू' म्हणतात. या ग्रहाबद्दल आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : व्हॉट्सअ‍ॅपवर या ग्रहाचा गडद निळा फोटो फिरतोय. तिथे काचेचा पाऊस पडतो, तोही आडवा, असे खाली लिहिले आहे. फोटो खरा आहे का? (बारावीची विद्यार्थिनी, सातारा)

तो फोटो नाही, चित्रकाराने काढलेले चित्र आहे. या ग्रहाचा फोटो आजवर कोणीही काढलेला नाही. पृथ्वीवरून पाहिले तर ग्रह आणि तारा यांच्यातले अंतर ०.००१६ विकला भरते (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग). हबल दुर्बिणीला जेवढे बारीक वेगळे करता येते त्याच्या साधारण तिसाव्या भागाइतके हे अंतर आहे. म्हणजे हबललाही तिथे प्रकाशाचा एकच ठिपका दिसतो.

निळा रंग मात्र मनचा नाही. २०१३ साली हबलने त्या ठिपक्याचा प्रकाश रंगवार मोजला. आधी ग्रह ताऱ्याशेजारी असताना, मग तो ताऱ्यामागे गेल्यावर. ग्रह झाकला गेला की त्याने परावर्तित केलेला प्रकाश एकूण बेरजेतून वजा होतो. जांभळ्या-निळ्या पट्ट्यात ही घट दहा हजारांत सव्वा भाग निघाली, हिरव्या पट्ट्यात ती मोजण्याइतकीही नव्हती. यावरून ग्रह निळा प्रकाश सुमारे ४० टक्के परतवतो आणि हिरवा बहुतेक गिळतो, असा निष्कर्ष काढला गेला. त्या ४० मध्ये १२ इकडे-तिकडे होऊ शकतात, हे फॉरवर्डमध्ये कोणी लिहीत नाही.

काचेच्या पावसाबद्दल थोडे सांभाळून बोलावे लागते. ताऱ्याचा प्रकाश ग्रहाच्या कडेवरच्या वातावरणातून गाळून येतो. त्यात लाल भागापेक्षा निळा भाग जास्त विखुरलेला दिसला, म्हणून तिथे बारीक धुरके असावे, तेही सिलिकेटचे, म्हणजे काचेच्या जातीच्या खनिजांचे, असा अंदाज २००८ पासून आहे. २०२४ मध्ये वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांत, ८.७ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीच्या आसपास, क्वार्ट्झच्या कणांची खूण मिळाली. हे कण मायक्रॉनच्या शंभराव्या भागाएवढे आहेत. एवढा कण थेंबासारखा पडत नाही, तरंगत राहतो. वारे मात्र खरेच भयंकर आहेत, सेकंदाला दोन किलोमीटरच्या घरात. तेव्हा 'काचेची धूळ उडवणारी वादळे' म्हणा. 'पाऊस' हा शब्द बातमीदारांचा.

प्रश्न : न पाहिलेल्या ग्रहाचा आकार आणि वजन कसे कळते? (निवृत्त शिक्षक, बार्शी)

आकार सावलीवरून कळतो. दर फेरीत हा ग्रह ताऱ्यासमोरून जातो (यालाच अधिक्रमण म्हणतात) आणि ताऱ्याचा प्रकाश २.४ टक्के कमी होतो. प्रकाशातली घट म्हणजे दोन तबकड्यांच्या क्षेत्रफळांचे गुणोत्तर. ०.०२४ चे वर्गमूळ ०.१५५, म्हणजे ग्रहाची त्रिज्या ताऱ्याच्या त्रिज्येच्या साडेपंधरा टक्के. तारा सूर्याच्या पाऊण पटीहून किंचित मोठा आहे हे त्याच्या वर्णपटावरून ठाऊक असते, त्यावरून ग्रहाची त्रिज्या गुरूच्या १.१३ पट येते.

वजनासाठी ताऱ्याची हालचाल बघायची. ग्रह ओढतो म्हणून तारा सेकंदाला २०५ मीटर वेगाने आपल्याकडे येतो आणि तेवढ्याच वेगाने मागे जातो. ही ये-जा ताऱ्याच्या वर्णरेषा निळ्या-लाल सरकण्यावरून मोजतात. एकटे हे मोजमाप ग्रहाचे किमान वजनच देते, कारण कक्षा किती तिरकी आहे ते त्यात कळत नाही. हा ग्रह ताऱ्यासमोरून जातो, म्हणजे कक्षा जवळजवळ कडेवरून दिसते. म्हणून इथे किमान वजन हेच खरे वजन मानता येते.

प्रश्न : माझ्याकडे ६ इंची न्यूटनियन दुर्बीण, मोटर असलेले इक्वेटोरियल माउंट आणि डीएसएलआर कॅमेरा आहे. घराच्या गच्चीवरून या ग्रहाचे अधिक्रमण टिपता येईल का? (वाचक, नाशिक)

येईल. नवशिक्याने सुरुवात करावी असा हाच ग्रह आहे : तारा ७.७ प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचा आकडा, तो जितका लहान तितका तारा तेजस्वी), म्हणजे दुर्बिणीसाठी भरपूर तेजस्वी, आणि घट २.४ टक्के, म्हणजे बहुतेक तप्त गुरूंपेक्षा मोठी. डोळ्यांना हा फरक कळणार नाही. काम कॅमेऱ्याचे आहे, आणि सुंदर फोटो काढण्याच्या बहुतेक सवयी इथे उलट्या कराव्या लागतात.

आधी वेळ ठरवा. तारा महाराष्ट्रातून जवळजवळ डोक्यावरून जातो, पण जून ते सप्टेंबर ढगांत जातात. उरतात मे महिन्यातली पहाट आणि ऑक्टोबरातली संध्याकाळ. ऑक्टोबरच्या मध्यावर तारा संध्याकाळी ७ च्या सुमारास मध्यमंडलावर, म्हणजे आकाशातल्या उत्तर-दक्षिण मध्यरेषेवर, येतो आणि ११ वाजताही क्षितिजापासून ३० अंशांच्या वर असतो. अधिक्रमण १ तास ५० मिनिटांच्या आसपास चालते. त्याआधीचा आणि नंतरचा एकेक तास धरून पावणेचार-चार तास लागतात. म्हणून अधिक्रमणाचा मध्य रात्री पावणेनऊ ते सव्वानऊच्या दरम्यान येईल अशी तारीख शोधा. एक्झोक्लॉक या अधिक्रमणे नोंदवणाऱ्या उपक्रमाच्या वेळापत्रकात तुमचे अक्षांश-रेखांश घातले की तारखा मिळतात. एक तारीख मिळाली की पुढची हाताने काढता येते. नऊ फेऱ्यांना २० दिवसांना ४७ मिनिटे कमी लागतात, म्हणजे वीस दिवसांनी तेच अधिक्रमण पाऊण तास आधी घडते. नोव्हेंबरच्या मध्यावर रात्री नऊनंतर तारा फार खाली गेलेला असतो, तेव्हा दोन संधी हुकल्या तर पुढच्या वर्षीच.

ताऱ्याला शोधायला त्रास नाही. डंबेल तेजोमेघ, म्हणजे एम २७, दुर्बिणीत घ्या. तारा त्याच्या पूर्वेला पाव अंशावर आहे, पूर्ण चंद्राच्या अर्ध्या रुंदीइतका. ७५० मिलिमीटर नाभीयांतर आणि एपीएस-सी सेन्सर असेल तर चौकट सुमारे पावणेदोन अंश रुंद मिळते. त्यात तेजोमेघ, तारा आणि तुलनेचे तारे सगळे मावतात.

आता कॅमेरा. रॉ फाइल, आयएसओ १०० किंवा २००, एक्स्पोजर ४५ सेकंद. 'लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन' बंद, नाहीतर प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ बसून राहील आणि निम्मी रात्र वाया जाईल. ४५ सेकंदच का? हवेच्या थरथरीमुळे ताऱ्याचा प्रकाश सतत वर-खाली होतो. ६ इंची दुर्बिणीतून एका सेकंदाच्या फोटोत ही चलबिचल हजारात १४ भागांपर्यंत जाते आणि तुम्ही शोधताय ती घट हजारात २४ ची आहे. ४५ सेकंदांत तीच चलबिचल हजारात २ वर येते.

पण ७.७ प्रतीचा तारा ४५ सेकंद फोकसमध्ये ठेवला तर मधले पिक्सेल भरून जातात आणि भरलेल्या पिक्सेलमधून मोजमाप निघत नाही. म्हणून फोकस मुद्दाम बिघडवायचा. तारा १२ ते १५ पिक्सेल रुंदीची चकती व्हायला हवा. न्यूटनियनमध्ये मध्ये भोक पडून वडा दिसेल, तो दिसू द्या. चौदा बिटांच्या कॅमेऱ्यात पिक्सेलची कमाल किंमत १६,३८३ असते. ताऱ्यातला सर्वांत उजळ हिरवा पिक्सेल ८,००० ते १०,००० मध्ये राहील असा फोकस किंवा आयएसओ बसवा. कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा आलेख रॉचा नसतो, त्यावर जाऊ नका. एक चाचणी-फोटो संगणकात उघडून आकडा वाचा. एकदा बसले की फोकसला हात लावायचा नाही, थंडीने थोडा सरकला तरीही.

चार तासांत पावणेतीनशेच्या आसपास फोटो होतील. कॅमेऱ्याची बॅटरी एवढी टिकत नाही. डमी बॅटरी आणि अ‍ॅडॅप्टर लावा. लॅपटॉपचे घड्याळ सुरुवातीला इंटरनेटवरून जुळवा आणि फोटो त्याच लॅपटॉपवरून काढा. कॅमेऱ्याचे स्वतःचे घड्याळ महिन्याकाठी मिनिटभर सहज पुढे-मागे जाते. शेवटी झाकण लावून, तेवढ्याच एक्स्पोजरचे वीस 'डार्क', म्हणजे काळे फोटो. 'फ्लॅट', म्हणजे सगळीकडे सारख्या उजेडाचे फोटो, संध्याकाळच्या आकाशाचे किंवा पांढरा कपडा ताणून टॅबलेटच्या पडद्याचे, तीस तरी, आणि दुर्बिणीत कॅमेरा जराही न फिरवता.

मोजमापासाठी हॉप्स किंवा अ‍ॅस्ट्रोइमेजजे ही सॉफ्टवेअर, दोन्ही मोफत आहेत. फक्त हिरवा चॅनेल घ्या. लक्ष्य-ताऱ्याचा प्रकाश तुलनेच्या ताऱ्यांच्या बेरजेने भागला की पातळ ढगांचा आणि हवेचा बराचसा परिणाम कटतो. तुलनेचे तारे तीन-चार घ्या, तेजाने एका प्रतीच्या आतले आणि शक्यतो रंगानेही नारिंगी. मोजणीचे वर्तुळ ताऱ्याची सगळी चकती घेईल एवढे मोठे ठेवा. ११ विकलांवर एक मंद लाल सोबती तारा आहे, तो आत येईल. येऊ द्या, त्याचा प्रकाश इतका थोडा आहे की घटीवर परिणाम जाणवत नाही.

प्रश्न : मी हाच ग्रह टिपण्याचा प्रयत्न केला. आलेखात घट दिसते, पण मध्येच एक पायरी आहे आणि शेवटी सगळी रेघ खाली वाकते. शिवाय घटीच्या तळाशी एक उंचवटा आला आहे. तो ताऱ्यावरचा डाग असेल का? (अभियंता, कोल्हापूर)

पायरी बहुधा माउंट उलटवल्याची आहे. जर्मन पद्धतीचे माउंट तारा मध्यमंडल ओलांडताना एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला पलटावे लागते. पलटल्यावर चौकट १८० अंश फिरते, प्रत्येक तारा सेन्सरच्या वेगळ्या पिक्सेलवर जातो आणि फ्लॅटमध्ये जी काही उणीव असेल ती पायरी होऊन दिसते. हॉप्समध्ये दोन्ही तुकडे वेगळे मोजून नंतर जुळवता येतात, पण जोड अधिक्रमणाच्या मध्यावर असेल तर घटीच्या खोलीवर विश्वास ठेवू नका. तारा मध्यमंडल ओलांडून गेल्यावरच सुरुवात करणे हा खरा उपाय. ऑक्टोबरचा मध्य वर सांगितला तो याचसाठी. अल्ट-अ‍ॅझिमथ (नुसते वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरणाऱ्या) माउंटवर तर डोक्यावरच्या ताऱ्याचे ट्रॅकिंगच धड होत नाही आणि चौकटही फिरत राहते. या ताऱ्यासाठी ते नकोच.

शेवटची वाकलेली रेघ दोन कारणांनी येते. पहिले, तुलनेचे तारे लक्ष्य-ताऱ्याहून जास्त लाल असतील तर. तारा खाली उतरतो तशी हवा निळा प्रकाश जास्त खाते, लाल कमी, आणि भागाकारात हळूहळू उतार तयार होतो. हा उतार नियमित असतो, त्यामुळे सॉफ्टवेअरमध्ये हवेच्या जाडीनुसार काढून टाकता येतो. दुसरे, दव. परतीच्या पावसानंतर कोल्हापूर-कोकणात रात्री दहानंतर मुख्य आरशावर नाही तरी सेकंडरीवर, म्हणजे छोट्या दुय्यम आरशावर, दव धरते. ते सगळ्या ताऱ्यांना सारखे मंद करत नाही, म्हणून भागाकारात कटत नाही. शेवटच्या फोटोंत आकाशाची पार्श्वभूमी वाढलेली आणि सगळेच तारे मंद दिसले तर दवच समजा. दुर्बिणीच्या तोंडाला काळ्या कागदाची लांब नळी आणि सेकंडरीला बारा व्होल्टचा छोटा हीटर एवढे पुरते.

डागाबद्दल उत्साह आवरता घ्या. हा तारा डागाळलेला आहे हे खरे. तो १२ दिवसांत स्वतःभोवती फिरतो आणि तेवढ्यात त्याचे तेज टक्का-दीड टक्का बदलते. पण ग्रह डागावरून जाताना येणारा उंचवटा हजारात एका भागाच्या आसपास असतो, तुमच्या एका-एका फोटोतल्या चुकीपेक्षाही लहान. डीएसएलआरवर दिसलेला उंचवटा ढगाचा किंवा गाईडिंग (ताऱ्याचा माग ठेवणे) घसरल्याचा. त्या वेळचे फोटो एकेक उघडून बघा.

एक गोष्ट मात्र तुमच्या आलेखात योग्यच असेल. घटीच्या कडा उभ्या नसून तिरक्या आहेत आणि तळ अरुंद आहे. हा ग्रह ताऱ्याच्या मध्यावरून न जाता कडेकडून जातो, म्हणून आत शिरायला आणि बाहेर पडायला वेळ लागतो.

प्रश्न : वर्ष सव्वादोन दिवसांचे, मग दिवस केवढा? (गृहिणी, डोंबिवली)

तिथे दिवस उगवत-मावळत नाही. ताऱ्याच्या भरतीच्या ओढीने ग्रहाचे फिरणे फेरीच्या वेळेइतके मंदावले आहे, त्यामुळे एक बाजू कायम उजेडात आणि दुसरी कायम अंधारात. तरी अंधारी बाजू गार नाही. २००७ मध्ये स्पिट्झर दुर्बिणीने ३३ तास सलग मोजून या ग्रहाचा उष्णतेचा नकाशा प्रसिद्ध झाला. सर्वांत तप्त भाग सुमारे ९४० अंश सेल्सिअस आणि सर्वांत थंड ७००. शिवाय सर्वांत तप्त जागा ताऱ्याच्या थेट खाली नसून पूर्वेकडे सरकलेली. वारे पूर्वेकडे वाहतात आणि तापलेला वायू गार होण्याआधी ओढून नेतात. हा ठळक पुरावा त्या एका नकाशातून मिळाला. आम्हाला विचाराल तर निळ्या रंगापेक्षा हे निरीक्षण मोठे आहे.

प्रश्न : एवढा मोठा ग्रह ताऱ्याच्या इतक्या जवळ तयारच कसा झाला? (महाविद्यालयीन विद्यार्थी, लातूर)

बहुधा तिथे झाला नाही. गुरूसारखा ग्रह व्हायला आधी बर्फ आणि खडकाचा मोठा गाभा लागतो आणि बर्फ ताऱ्यापासून दूरच टिकतो. मग तो आत आला कसा, यावर दोन मते आहेत. एक, ताऱ्याभोवतीच्या वायूच्या तबकडीत तो हळूहळू आत सरकला. दुसरे, दुसऱ्या ग्रहाने किंवा सोबती ताऱ्याने त्याची कक्षा लांबट केली आणि जवळून जाताना भरतीच्या ओढीने ती आक्रसून गोल झाली. दुसऱ्या मार्गाने आलेल्या ग्रहांच्या कक्षा वेड्यावाकड्या असायला हव्यात. वास्प-१७ बी हा दुसरा एक तप्त गुरू तर ताऱ्याच्या फिरण्याच्या उलट दिशेने फिरतो. आपला ग्रह मात्र ताऱ्याच्या विषुववृत्ताशी अंश-दोन अंशांत जुळलेला आहे. सगळ्यांना एकच उत्तर लागू करण्याचा हट्ट धरू नये.

आत येऊन सगळे थांबतातच असेही नाही. सारथी तारकासमूहातल्या वास्प-१२ बी या तप्त गुरूची फेरी वर्षाला २९ सहस्रांश सेकंदांनी कमी होत आहे. या गतीने तो सुमारे तीस लाख वर्षांत ताऱ्यात जाईल.

प्रश्न : या संशोधनात भारताचा काही भाग आहे का? (वाचक, ठाणे)

आहे. माउंट अबूच्या गुरुशिखरावर अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे 'पारस' हे वर्णपटमापक उपकरण आहे. त्याने टीओआय-१७८९ या ताऱ्याभोवती फिरणारा तप्त गुरू शोधल्याचे २०२१ मध्ये जाहीर झाले : वजन गुरूच्या ०.७ पट, पण आकार १.४ पट, फेरी ३.२ दिवसांची. षडंश तारकासमूहातला एचडी ८६०८१ हा तारा आता अधिकृतपणे 'बिभा' आणि त्याचा तप्त गुरू 'संतमस' आहे. ही नावे २०१९ मध्ये दिली गेली; ताऱ्याला जिचे नाव मिळाले त्या बिभा चौधुरी या विश्वकिरणांच्या अभ्यासक मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करत होत्या.

आणि एचडी १८९७३३ बी चे थेट नाते नारायणगावाजवळच्या खोडदशी आहे. तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने २४४ आणि ६१४ मेगाहर्ट्झवर या ग्रहाचे रेडिओ संकेत शोधले आणि २००९ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. काही सापडले नाही. गुरूचे ध्रुवीय प्रकाश ४० मेगाहर्ट्झपर्यंतच रेडिओ लहरी सोडतात. ही मर्यादा चुंबकीय क्षेत्रावर ठरते, दर गॉसला (गॉस हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) २.८ मेगाहर्ट्झ. २४४ ला ऐकू येण्यासाठी ग्रहाचे क्षेत्र ८७ गॉस, म्हणजे गुरूच्या सहापट लागले असते.

प्रश्न : दुर्बीण नाही, कॅमेराही नाही. नुसत्या डोळ्यांना काही दिसेल का? (वाचक, सावंतवाडी)

ग्रह नाही, पण असा ग्रह बाळगणारा तारा दिसेल. सूर्यासारख्या ताऱ्याभोवती सापडलेला पहिला ग्रह १९९५ चा, मिशेल मायोर आणि दिदिए केलोझ यांनी शोधलेला, आणि तोही तप्त गुरूच. त्यासाठी दोघांना २०१९ चे नोबेल मिळाले. तो ५१ पेगासी या ताऱ्याभोवती फिरतो. तारा ५.५ प्रतीचा आहे, म्हणजे अमावास्येच्या आसपास, गावाच्या दिव्यांपासून दूर गेल्यास डोळ्यांनी जेमतेम दिसतो. नोव्हेंबरात रात्री आठच्या सुमारास महाश्वाचा मोठा चौकोन डोक्यावर असतो. त्याच्या पश्चिमेकडच्या बाजूचे दोन तारे म्हणजे आपली पूर्वाभाद्रपदा. त्या दोघांच्या साधारण मधोमध, जोडणाऱ्या रेषेच्या दीड अंश पश्चिमेला बघा. साधा १० बाय ५० बायनॉक्युलर असेल तर शंकाच राहणार नाही.